व्हॅल्किरीजचा पहिला सीझन (२०२५): कोण कोण जाणार? कुठला गेम, कुठे बसायचं, कसं जायचं

फक्त_वाचते | ३ मार्च

नमस्कार, इतकी वर्षं नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. आम्ही सनीव्हेलला राहतो, लेक १२ वर्षांची, शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये आहे, पॉइंट गार्ड (बॉल पुढे आणून पास देणारी), पण खरं सांगायचं तर बेंचवरची पॉइंट गार्ड, म्हणजे पहिली मुलगी दमली किंवा आपण २० नी पुढे असलो की मग हिला आत पाठवतात. तरी वेड तसूभर कमी नाही. मे महिन्यापासून सॅन फ्रान्सिस्कोत व्हॅल्किरीज ही बायकांची नवी टीम खेळणार म्हटल्यापासून घरात दुसरा विषय नाही. वॉरियर्सच्या (इथली पुरुषांची, एनबीएतली टीम) गेमला आम्ही एकदाच गेलोय आणि तेव्हा तिकिटाचा आकडा बघून नवऱ्याने जे तोंड केलं होतं ते मला अजून आठवतं.

तर सीझन तिकीट घ्यावं का दोन-तीन सुटे गेम बघावेत? ट्रेनने जमतं का, शहरात गाडी चालवायचा मला धीर नाही. आणि टीम अगदीच हरणारी असेल तर तेही आत्ताच सांगा, कारण हरलं की आमच्याकडे दोन दिवस जेवणावरून रुसवे असतात.

झोन_डिफेन्स | ३ मार्च

हरणार? अहो मालक कोण आहे बघा, वॉरियर्सचेच जो लेकब, आणि त्यांनी जाहीर सांगून टाकलंय की पहिल्या पाच वर्षांत चॅम्पियनशिप. कोच नताली नाकासे, लास वेगासला असिस्टंट होती, तिथे २०२२ आणि २०२३ लागोपाठ दोन टायटल बघून आलीय, डब्ल्यूएनबीएतली, म्हणजे बायकांच्या या लीगमधली, पहिली एशियन अमेरिकन हेड कोच. सीझन तिकिटं १०,००० च्या वर गेलीत. प्लेऑफ (सीझननंतरची बाद फेरी) नक्की, लिहून घ्या.

बॉक्सस्कोर | ३ मार्च

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी 😀

या लीगमध्ये याआधी नवी टीम आली ती २००८ ला, अटलांटा. पहिल्या सीझनला ३४ पैकी किती जिंकले? ४. त्याच्या आधी २००६ ला शिकागो, ३४ पैकी ५. हे काही योगायोगाने होत नाही. एक्स्पान्शन ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या टीमसाठीच्या निवडीत, जुन्या १२ टीम्सनी आपापल्या सहा-सहा खेळाडू आधी कपाटात कुलूप लावून ठेवल्या, मग उरलेल्यांतून एका टीमची जास्तीत जास्त एक अशा व्हॅल्किरीजनी ११ उचलल्या, सिएटलकडून तर कोणीच घेतली नाही. म्हणजे तुमची टीम ही इतरांच्या सातव्या-आठव्या नंबरच्या मुलींची टीम आहे. मालक श्रीमंत असला म्हणून बॉल आत जात नाही.

४४ पैकी १० च्या वर जिंकल्या तर मी व्हॅल्किरीजचा जांभळा टीशर्ट विकत घेऊन, घालून, गेमला येईन.

फक्त_वाचते | ३ मार्च

सातव्या-आठव्या नंबरच्या मुली हे लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली "मग तर जायचंच."

जुना_लेझर | ४ मार्च

मी ९७ साली इथे आलो तेव्हा सॅन होजेत लेझर्स नावाची बायकांची टीम होती, एबीएल म्हणून वेगळी लीग होती. ऑफिसातला एक जण घेऊन गेला होता, तोवर मी बास्केटबॉल फक्त शाळेच्या मैदानावर, तेही बिनजाळीच्या रिंगचा बघितलेला. नंतर जातच राहिलो. मग १९९८ च्या डिसेंबरात सीझन अर्धा झालेला असताना लीगच बंद पडली. पुढे सॅक्रामेंटोला मोनार्क्स होत्या, २००५ ला त्या चॅम्पियन झाल्या, आणि २००९ चा सीझन संपल्यावर त्याही गेल्या. तेव्हापासून आपल्याकडे काहीच नव्हतं. म्हणून ४ जिंकतील का १४ या वादात मला रस नाही, मला एवढंच बघायचंय की खुर्च्या भरतात का. बाकी चालू द्या.

कॅलट्रेनवाली | ४ मार्च

ताई सनीव्हेलहून अगदी आरामात जमतं. कॅलट्रेन आता विजेवर धावते त्यामुळे पूर्वीसारखा वेळ खात नाही. शेवटच्या स्टेशनला, म्हणजे फोर्थ अँड किंगला उतरायचं, चौथ्या रस्त्यानेच पूल ओलांडून मिशन क्रीकच्या पलीकडे जायचं, १५-२० मिनिटं चाल आहे, मुलं असली की २५ धरा. पाय दुखत असतील तर तिथूनच म्युनीची (शहरातली ट्राम) टी लाइन पकडा, ती चेस सेंटरच्या, म्हणजे जिथे गेम होतात त्याच्या, दारात सोडते, स्टॉपचं नावच यूसीएसएफ/चेस सेंटर आहे. आणि गेमचं तिकीट हेच त्या दिवशी म्युनीचं तिकीट, वेगळे पैसे द्यायचे नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि ते क्लिपर कार्ड टॅप करत बसतात.

फ्रीमॉन्ट-मिल्पिटासवाल्यांनी बार्ट ट्रेनने पॉवेलला उतरायचं, तिथून जमिनीखालूनच युनियन स्क्वेअर/मार्केट स्ट्रीट स्टेशनला जाता येतं, तिकडे टी.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, वॉरियर्स हिवाळ्यात खेळतात, या उन्हाळ्यात. म्हणजे त्याच वेळी शेजारी ओरॅकल पार्कला जायंट्सचं बेसबॉल चालू. दोन्हीकडे एकाच संध्याकाळी असेल तर ट्रेनमध्ये केशरी आणि जांभळी अशी खिचडी होते आणि उभं राहायला जागा नसते. तिकीट घ्यायच्या आधी जायंट्सचं कॅलेंडर बघून घ्या. आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता ते घरूनच बघून निघा, मी एकदा बघितलं नव्हतं, त्यावर जास्त बोलत नाही.

वरची_रांग | ५ मार्च

सीटबद्दल माझं मत, लोकांना पटत नाही तरी सांगते. पॉइंट गार्ड मुलगी आहे ना, मग खाली कोपऱ्यात बसवू नका, वर बसवा, पण मधल्या रेषेच्या जवळ. खालून घाम दिसतो, बुटांचा कर्रकर्र आवाज येतो, मजा येते हे खरं, पण पलीकडच्या बास्केटपाशी काय चाललंय ते मोठ्या स्क्रीनवरच बघावं लागतं. वरून सगळं दिसतं, म्हणजे समोरच्या मुलीला अडवायला आड कोण उभं राहतंय, कोण रिकाम्या जागेतून आत शिरतंय, पास द्यायच्या आधीच तुम्हाला कळतं की पास तिकडे जाणार. माझ्या मुलाला चार वर्षं कोचने ओरडून जे समजलं नाही ते वर बसून दोन गेममध्ये समजलं.

सीझन तिकिटाच्या भानगडीत पहिल्याच वर्षी पडू नका. घरचे २२ गेम, त्यातले कितीतरी कामाच्या दिवशी. लांब राहणाऱ्यांना २२ वेळा जाणं होत नाही, मग अर्धी तिकिटं विकत बसायची.

झोन_डिफेन्स | ५ मार्च

इंडियाना जूनमध्ये येतेय, त्यांची स्टार केटलिन क्लार्क घेऊन! तो एक गेम घ्याच, मग भले दुसरा कुठलाच नाही घेतला तरी चालेल.

वरची_रांग | ५ मार्च

आणि मी म्हणते तोच सोडून बाकी कुठलाही घ्या. एका खेळाडूसाठी पैसे मोजले आणि तिचा घोटा मुरगळला की झालं. एखाद्या मंगळवारचा, समोर कोणी फार नाव नसलेली टीम असेल असा गेम घ्या. त्याच पैशात तीन होतील.

फक्त_वाचते | ५ मार्च

हे आवडलं. आणि गेम किती वेळ चालतो? आमचे हे आजोबांना पण आणायचं म्हणतायत.

बॉक्सस्कोर | ५ मार्च

दहा मिनिटांचे चार क्वार्टर, एनबीएचे बारा-बाराचे असतात, त्यामुळे सगळं धरून दोन-सव्वादोन तास. शॉट क्लॉक (शॉट घ्यायची मुदत) तोच २४ सेकंदांचा. बॉल एक साइज लहान. थ्री-पॉइंट लाइन २२ फुटांच्या थोडी पुढे, पुरुषांची समोरून २३ फूट ९ इंच. कोर्ट तेवढंच. आजोबांना खुर्चीतून फारसं उठायला लागू नये म्हणून पायऱ्यांच्या कडेची सीट घ्या.

बॉक्सस्कोर | १५ एप्रिल

काल ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड) झाला. पाचव्या नंबरला लिथुआनियाची युस्ते योसिते घेतली, १९ वर्षांची. आणि तिसऱ्या राउंडमध्ये तिसाव्या नंबरला केटलिन चेन, यूकॉनची (कनेक्टिकट युनिव्हर्सिटी) पॉइंट गार्ड, आत्ताच कॉलेज चॅम्पियन झालेली. तिसऱ्या राउंडच्या मुली सहसा टीममध्ये टिकत नाहीत. एका टीममध्ये जास्तीत जास्त १२, टीम्स १३, म्हणजे अख्ख्या लीगमध्ये १५६ जागा. एनबीएसारखी खालची लीग नाही, की जरा वर्षभर तिकडे खेळ मग बोलावतो. नाही म्हणजे नाही, सामान उचला.

फक्त_वाचते | ७ मे

काल प्रीसीझनचा गेम बघून आलो!! आम्ही दोघीच, कॅलट्रेनने, पूल ओलांडून, जसं सांगितलंत तसंच. लॉस एंजेलिसशी एका पॉइंटने हरलो, ८३-८२. सराव सामन्याला इतके लोक? माझा विश्वासच बसेना. वर बसलो, मधल्या रेषेजवळ. पहिला क्वार्टरभर लेक कुरकुरत होती की सगळे मुंग्यांएवढे दिसतात, आणि दुसऱ्यात एकदम माझा हात धरून म्हणाली "आई ती बघ, ती पास द्यायच्या आधी दुसरीकडे बघते." ती म्हणजे चेन. आता तीच आवडती. कारण विचारलं तर म्हणे सगळ्यात शेवटी निवडली म्हणून.

@वरची_रांग, तुमचे आभार.

वरची_रांग | ७ मे

😊 पोरीला शाबासकी सांगा.

फक्त_वाचते | १५ मे

चेनला काढलं. उद्या पहिला गेम आणि हिने शाळेतून आल्यावर दार लावून घेतलंय. हे असंच असतं का हो? म्हणजे निवडायचं, टीशर्ट द्यायचा, फोटो काढायचा आणि मग जा?

बॉक्सस्कोर | १५ मे

असंच असतं. मी सांगितलं होतं, पण आत्ता ते बोलायची वेळ नाही, सॉरी. तिला एवढं सांगा की सीझनच्या मध्ये पण जागा रिकाम्या होतात. यंदा जूनमध्ये युरोबास्केट (युरोपातल्या देशांची स्पर्धा) आहे, व्हॅल्किरीजच्या बऱ्याच मुली युरोपातल्या आहेत, त्या देशाकडून खेळायला गेल्या तर इथे माणसं कमी पडतील. खोटी आशा देत नाही, कॅलेंडर सांगतोय.

जुना_लेझर | १७ मे

काल होतो. १८,०६४ खुर्च्या, एकही रिकामी दिसली नाही. लॉस एंजेलिसने ८४-६७ हरवलं, केल्सी प्लमने एकटीने ३७ केले, आपल्या मुलींना बास्केट सापडत नव्हती, आणि शेवटची दोन मिनिटं उरलेली असताना १७-१८ नी मागे असूनसुद्धा लोक उभे होते. माझ्या बाजूला एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या, त्यांच्याकडे लेझर्सची टोपी होती. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघंही काही बोललो नाही.

झोन_डिफेन्स | २२ मे

पहिला विजय! वॉशिंग्टन ७६-७४!! टीशर्टचा साइज काढून ठेवा कोणीतरी.

बॉक्सस्कोर | २२ मे

एक. १० च्या वर म्हणालो होतो, एकच्या वर नाही.

झोन_डिफेन्स | ८ जून

९५-६८, लास वेगासला, होय लास वेगासला, २७ नी!! नाकासेची जुनी टीम, केट मार्टिनची जुनी टीम, टिफनी हेझची जुनी टीम. काय वाजवलंय. आजोबा आले होते का?

फक्त_वाचते | ८ जून

आले होते, आजोबा आणि आम्ही तिघं! सासऱ्यांनी आयुष्यभर फक्त क्रिकेट बघितलेलं, अर्धा वेळ विचारत होते की शिट्टी का वाजली, मग विचारायचं सोडलं आणि स्वतःच वाजवायला लागले. नवऱ्याने परतताना आपण होऊन पुढच्या गेमचं तिकीट बघितलं, मी काही बोलले नाही, न जाणो विचार बदलायचा.

बॉक्सस्कोर | १६ जून

@फक्त_वाचते, लेकीला उठवा. युरोबास्केटला झांदालासिनी, सालाउन, फॅगबेनले वगैरे गेल्या आणि चेनला परत बोलावलं.

फक्त_वाचते | १६ जून

उठवायची गरज नाही, तिनेच मला उठवलं.

झोन_डिफेन्स | २० जून

इंडियाना ८८-७७. क्लार्कचे थ्री-पॉइंट शॉट ७ पैकी ०. सात पैकी शून्य! आपली व्हेरोनिका बर्टन काय चिकटली होती, सावली पण एवढी चिकटत नाही. अर्ध्या मुली युरोपात आणि तरी जिंकल्या. मी होतो, तिकिटाला किती पडले ते विचारू नका, बायको वाचते इथे.

कॅलट्रेनवाली | २० जून

काल परतीच्या ट्रेनमध्ये इंडियानाच्या शर्टातल्या चार शाळकरी मुली रडवेल्या बसल्या होत्या आणि समोर जांभळ्या शर्टातली एक आजी त्यांना बिस्किटं वाटत होती. एवढंच सांगायचं होतं.

बॉक्सस्कोर | १ जुलै

आनंदात एक कडू घोट. बेल्जियमची ज्यूली व्हानलू, इथली पॉइंट गार्ड, युरोबास्केट जिंकून परत आली आणि व्हॅल्किरीजनी तिला सोडलं. १२ जागांचं गणित. चेन राहिली.

फक्त_वाचते | १ जुलै

हे लेकीला कसं सांगू कळत नव्हतं, पण तिला आधीच माहीत होतं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली की मला चेन राहायला हवी होती पण असं नको होतं. मी तरी काय सांगणार.

झोन_डिफेन्स | २६ जुलै

आपली केयला थॉर्नटन गेली, गुडघा, अख्खा सीझन संपला. आठवड्यापूर्वी ऑलस्टार (लीगच्या निवडक खेळाडूंचा सामना) खेळली, तेही करिअरमध्ये पहिल्यांदा, आणि प्रॅक्टिसमध्ये हे. आता काही खरं नाही.

बॉक्सस्कोर | २६ जुलै

तुम्ही आशा सोडलीत म्हणजे आता मला धरावी लागणार. डिफेन्स बघा, तो एकीवर उभा नाहीये. लास वेगासचे ६८, इंडियानाचे ७७, कोणालाच सुखाने शॉट घेऊ देत नाहीत. आणि हो, १० चा आकडा कधीच मागे पडलाय, मला माहीत आहे, आठवण करून द्यायची गरज नाही. टीशर्ट घेतोय. वेळ ठरवली नव्हती.

वरची_रांग | १ सप्टेंबर

काल इंडियानाशी घरचा दुसरा गेम, आपण जिंकलो. क्लार्क जुलैपासून दुखापतीमुळे बाहेरच, साध्या कपड्यांत बसलेली. मार्चमध्ये मी काय म्हणाले होते? बस, एवढंच.

झोन_डिफेन्स | १ सप्टेंबर

माझ्याकडे दोन्ही गेमची तिकिटं होती 😐

झोन_डिफेन्स | ५ सप्टेंबर

डॅलसला ८४-८० हरवून प्लेऑफमध्ये!! पहिल्याच सीझनला प्लेऑफ, या लीगमध्ये आजवर कुठल्याच नव्या टीमला जमलं नाही. ३ मार्चची माझी पोस्ट परत वाचा सगळ्यांनी. हळू वाचा.

कॅलट्रेनवाली | ९ सप्टेंबर

पण गंमत बघा, घरचा प्लेऑफ गेम घरी नाही. चेस सेंटरमध्ये त्याच आठवड्यात लेव्हर कप टेनिस, आधीच बुक झालेलं. टीम प्लेऑफला जाईल असं धरलं कोणी होतं. तर आपला गेम सॅन होजेला, सॅप सेंटरमध्ये. सनीव्हेलकरांची चैन, डिरिडॉन स्टेशनला उतरलं की समोरच. उत्तरेकडचे आता आम्हाला रस्ता विचारतायत.

बॉक्सस्कोर | १० सप्टेंबर

आणि तो एक गेम तरी नक्की मिळणार हे यंदाच्या नव्या नियमामुळे. पूर्वी पहिल्या राउंडचे पहिले दोन्ही गेम वरच्या टीमच्या घरी असायचे, आठव्या नंबरवाले तिथेच दोनदा हरून घरी. आता एक त्यांच्याकडे, एक आपल्याकडे, लागलाच तर तिसरा परत त्यांच्याकडे. समोर मिनेसोटा, पहिल्या नंबरची. हिशोब सांगितला तर आवडणार नाही, म्हणून सांगत नाही.

जुना_लेझर | १४ सप्टेंबर

मिनेसोटात १०१-७२. असो. बुधवारी सॅन होजेला मी आहे. सत्तावीस वर्षांनी या गावात बायकांच्या गेमला जातोय.

फक्त_वाचते | १८ सप्टेंबर

शाळेचा दिवस, उद्या गणिताची टेस्ट, तरी नेलं. एका पॉइंटने हरलो, ७५-७४. बराच वेळ पुढे होतो, चांगलेच पुढे, आणि मग मिनेसोटा एकेक करत आली, तुम्ही सगळ्यांनी बघितलंच असेल, मला परत लिहवत नाही. शेवटचा बझर वाजल्यावर एवढी मोठी जागा एकदम गप्प झाली आणि मग हळूहळू सगळे टाळ्या वाजवायला लागले आणि थांबेचनात. मला वाटलं आता दोन दिवस रुसवा. पण घरी येऊन दोन पोळ्या खाल्ल्या, वर बघतच नव्हती, पुठ्ठ्यावर शेवटच्या मिनिटाचा कोर्ट काढत होती, कोण कुठे उभं होतं, आणि पास कुठे जायला हवा होता. चुकीचा पण असेल, मला काही कळत नाही त्यातलं. बाबाला मीठ-मिरीच्या डब्या घेऊन डिफेन्समध्ये उभं केलं होतं. टेस्टचं जे व्हायचं ते होईल.

जुना_लेझर | १८ सप्टेंबर

तो पुठ्ठा टाकू नका.

बॉक्सस्कोर | १८ सप्टेंबर

२३ जिंकल्या, २१ हरल्या. मी काल होतो, जांभळ्या टीशर्टात. एक्सएल संपले होते म्हणून लार्ज घातला, चौथ्या क्वार्टरला श्वास बंद झाला तो टीशर्टमुळे का गेममुळे सांगता येत नाही. पुढच्या वर्षीसाठी एक साइज मोठा बघून ठेवतोय, कोणाला कुठे मिळतो माहीत असेल तर सांगा.